विझायचा दिवा

माझं कुणी खरं मानलं नाही. सांगून सांगून थकले असं म्हणणार नाही. थकायला अंगात काहीतरी लागतं. पण सांगायचं ते मी माझ्या पद्धतीनं सांगत होते. ती पद्धत ज्या एका बाईला कळली, तिचंही कुणी खरं मानलं नाही.

मी कटाऊटची पेटी बोलतेय. पत्र्याची, काळी, जेवणाच्या डब्याएवढी. वर्कशॉपात कुणी मला कटाऊट म्हणतं, कुणी कंट्रोल. तुम्ही काहीही म्हणा. सध्या वेसाव्याच्या किनाऱ्यावर, बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांडीखाली, ताडपत्री उडू नये म्हणून तिच्या एका कोपऱ्यावर मला ठेवलंय. झाकण गेलंय. आत मीठ चढलंय. एक चिंबोरी मधूनमधून येऊन बसते, तिला मी चालते. वाईट वाटतं का म्हणून विचाराल, तर नाही. काहीच वाटत नाही. झालं ते सांगते.

जन्म माझा परदेशातला, बर्फाच्या मुलखातला. कारखान्यात एका बाईनं माझ्या पोटात दोन चिमुकल्या पट्ट्या बसवल्या, मला कानाशी धरून टक्‌टक् ऐकली आणि पुढच्या पेटीला हात घातला. एवढंच माझं बाळंतपण.

आता यंत्राचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझ्या जोडीचं यंत्र म्हणजे एका अंगात दोन गडी. बटण दाबलं की ते बॅटरीतली वीज खातं आणि इंजिनाला गरगर फिरवून उठवतं. तेव्हा त्याला सेल्फ म्हणायचं. इंजिन उठलं की उलट इंजिन त्याला फिरवतं आणि ते वीज करून बॅटरीत परत भरतं. तेव्हा त्याला डायनामो म्हणायचं. अंग तेच, पट्टा तोच. जोर दांडगा, पण अक्कल नाही. कधी खायचं आणि कधी द्यायचं ते मी ठरवते. बटण दाबलं की जाड तारेचं दार उघडते, इंजिन उठलं की ते लावते. मग बारीक तारेनं त्याला कमाईला लावते. त्याची वीज बॅटरीपेक्षा वरचढ होईतो मी दार अडवून बसते, नाहीतर बॅटरीत आहे तेही उलटं त्याच्या पोटात जायचं. फार करायला लागलं तर कान पिळते. घरात कमरेला किल्ल्या लावून हिंडणारी एक बाई असते ना, तशी मी.

आणि माझा एक लाल दिवा. चावी फिरवली की लागतो. लागला म्हणजे, अजून बॅटरीचंच खाणं चाललंय, भरणं नाही. इंजिन उठून भरणं सुरू झालं की तो विझतो. विझला म्हणजे सगळं ठीक. सुखात असले की मी गप्प. बोलायला लागले तर समजावं, घरात काहीतरी बिघडलंय.

आधी आम्ही तिघं, म्हणजे इंजिन, यंत्र आणि मी, बोरिवलीच्या एका चिकूच्या वाडीत होतो. तिथले अण्णा फोर्टातल्या ऑफिसातून निवृत्त झालेले. विहिरीचा पंप चालवायला त्यांनी आम्हाला आणलं. सकाळी धोतर सावरत यायचे, बटण दाबायचे, दिव्याकडं बघायचे. आतून पद्मजाबाई विचारायच्या, "गेला का हो?" अण्णा म्हणायचे, "गेला." आणि चहाला जायचे. झालं माझं काम. पुढं वाडीत विजेचे खांब आले, पंपाला मोटार बसली आणि आम्हाला गिऱ्हाईक शोधणं सुरू झालं. जाताना पद्मजाबाईंनी माझ्यावरची धूळ पदरानं पुसली. माणसं निरोपाला पुसतात आणि रोज विसरतात.

गिऱ्हाईक मिळालं वेसाव्याचं. गुणाजी तांडेल. पन्नाशीकडं झुकलेला, बोलणं थोडं, मान ताठ. त्याच्या बोटीला तोवर नुसतं शीड होतं. बंदरात इंजिनाच्या बोटी यायला लागल्या होत्या, पण त्या हँडल मारून उठवायच्या. दोन दोन गडी हँडलला लोंबकळायचे. बटणावर उठणारं इंजिन गुणाजीचंच पहिलं. त्याला त्याचा फार तोरा.

आम्हाला बसवायला कुर्ल्याहून श्यामसुंदर फिटर आला. ओहोटीत बोट वाळूवर आडवी होती. गुणाजी आणि त्याचा धाकटा भाऊ अनंता नाळेशी, बोटीच्या पुढच्या टोकाला, नारळाच्या तयारीत, सारा कोळीवाडा त्यांच्याभोवती. फिटरजवळ उभी होती ती गुणाजीची बायको, मालन. अंधेरीच्या बाजारात मासळी विकून नुकती आलेली, रिकामी पाटी कमरेला, चौथीपर्यंत शिकलेली, आणि बोलायला लागली की बाजारातली गिऱ्हाइकं चूप.

"हा दिवा कशाला?" तिनं विचारलं.

श्यामसुंदरला सांगायला कुणीतरी हवंच होतं. "इंजिन उठलं की हा विझला पाहिजे, बाई. नाही विझला तर बॅटरी भरत नाही. मग एक दिवस सेल्फ उठायचा नाही."

"म्हंजे शेजारणीकडून रोज पीठ उसनं आणायचं नि दळण आलं की परत नाय करायचं. मग एक दिवस ती दार लावणारच."

"बरोब्बर."

इतकं सोपं होतं. तिला एकदाच सांगून कळलं.

नारळ वाढवला. अनंतानं बटण दाबलं. यंत्रानं इंजिनाला हिसका दिला, धुराचा गोळा आला, इंजिन धडधडलं, पोरं ओरडली. मी माझं दार उघडलं आणि दिवा विझवला.

वाळूवर गुणाजीची म्हातारी आई, पार्वती, आरतीचं ताट घेऊन बसली होती. ती किंचाळली, "दिवा गेला! अरं, दिवा गेला ना!"

सगळे काचेकडं बघायला लागले.

"विझायलाच पायजे तो, आई," मालन म्हणाली. "विझला तर चांगलं. नाय विझला तर समजायचं, वाट लागली."

"तोंड धुवून ये आधी! नव्या बोटीवर, भरल्या घरात, विझला बोलते? दिव्याला वाढला म्हणतात, एवढं पन शिकवलं नाय गो तुझ्या आयशीनं?"

"बरं, वाढला. पन वाढायलाच पायजे."

बायका कुजबुजल्या. कुणीतरी म्हणालं, हिच्या जिभेला हाड नाही. मी पुढं या लोकांत राहून शिकले, जे फुटतं, तुटतं, संपतं त्याला हे वाढलं म्हणतात. नारळ वाढला, दिवा वाढला. तोंडानं वाईट बोलायचं नाही म्हणजे वाईट होत नाही, असा हिशेब. श्यामसुंदरनं विझला म्हटलं, मालननं तोच शब्द उचलला. पुढचं सगळं त्या एका शब्दावरून घडलं.

गुणाजीनं श्यामसुंदरला बाजूला घेतलं. "हा दिवा कायम ठेवता येल?"

"नाही हो, तांडेल. तो जायचाच. तो गेला म्हणजेच बरं."

म्हणजे एका बाप्यानंही सांगितलं होतं. हे लक्षात असू द्या.

चारेक दिवसांनी गुणाजीनं अंधेरी स्टेशनाजवळून चंद्रप्रकाश नावाच्या मिस्त्रीला आणलं. टॅक्सीच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा, तोंडात पान. त्यानं माझं झाकण काढलं, एका नजरेत सगळं ओळखलं. दिवा कशासाठी आहे ते त्याला माहीत होतं. माझ्याकडून दिव्याला जाणारी तार त्यानं काढली आणि इंजिनाच्या अंगालाच बांधली, जिथं बॅटरीची परतीची तार येते. झालं. आता मी काही म्हटलं तरी दिवा जळतच राहणार.

"मंग भरतंय की नाय ते कळायचं कसं?" मालननं विचारलं. टोपल्या उचलायला ती गुडघाभर पाण्यात उभी होती.

"देवाला विचारा, मावशी," तो हसला. "गिऱ्हाइकाला दिवा पाहिजे, आपण दिवा दिला."

त्या दिवसापासून गुणाजीनं चावी काढलीच नाही. बोट समुद्रात असो की वाळूवर, लाल दिवा अखंड. पार्वतीनं त्याच्या काचेला हळदकुंकू लावलं. आधीच लाल, त्यात कुंकू. मग शेवंतीची माळ. मी वीज राखायला जन्मले आणि माझा देव्हारा झाला.

पहिलं वर्ष निभावलं. मी माझं काम करत होते, यंत्र भरत होतं, फक्त कुणाला दिसत नव्हतं. मालननं विषय काढला की गुणाजी म्हणायचा, "अगो, वरीस झालं दिवा तेवतोय. काय झालं काय? जाळी फाटेस्तोवर मासळी आली." खरंच आली होती.

पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढून शाकारली आणि मला घरी नेलं. मालनच्या चुलीपलीकडल्या खुंटीवर मी टांगलेली. ती मला घासलेटच्या बोळ्यानं पुसायची, एकटी असली की बडबडायची. "तुला तोंड असून मुकं केलंय गो. मना तोंड हाय तं वाईट बोलते म्हणतात." बाळासारखं उलटंपालटं करून पुसायची.

दुसऱ्या हंगामात मीठ माझ्या बारीक तारेला लागलं. आधी हिरवं झालं, मग भुगा, मग तार तुटली. जाड तार शाबूत. म्हणजे यंत्र इंजिनाला उठवत होतं, पण कमवत काहीच नव्हतं. बॅटरीचं रोज खाणं, भरणं शून्य, त्यात दिवा रात्रंदिवस चालू. मी आतून सांगत होते. नुसता दिवा मला परत जोडला असता, तर इंजिन चालू असूनही तो जळत राहिला असता आणि आंधळ्यालाही कळलं असतं.

मालननं कानानं ओळखलं. टोपली उचलता उचलता थबकली. "अनंता, सेल्फ कुंथतोय बग. आधी कसा उडी मारायचा."

अनंता इंजिन सांभाळायचा. तिशीतला, हसरा, वहिनीचा लाडका. "वैनी, तुझी शाळा किती?"

"चौथी."

"माझी पन चौथी. मंग दोघं मिळून आठवी. आठवीला दिवा दिसतोय का? ढणाढणा पेटलाय."

"तो खोटा पेटलाय रं. तार सोडून माझ्या सांगण्यावर एकदा पेटीला लाव. एकदाच. तुझ्या जयाची शपथ घालते."

जया त्याची बायको. लग्नाला दोन हंगाम झालेले. शपथ ऐकून तो थांबला, माझ्या झाकणाला हात घातला. तेवढ्यात गुणाजीनं हाक मारली, जाळी ओढायची होती. "उद्या बगतो, वैनी," म्हणाला आणि गेला.

ती उद्यापर्यंत थांबली नाही. दुपारी बाप्ये जेवायला गेले तशी मासळी कापायचा कोयता घेऊन बोटीत चढली. बाईनं इंजिनाला शिवायचं नाही, अशी रीत. तिनं कोयत्याच्या टोकानं इंजिनावरचा स्क्रू ढिला केला आणि तार सोडली. दिवा गेला. आता तीच तार माझ्या खिळ्यावर ठेवायची बाकी. तार बोटभर अंतरावर होती.

"चढली! बोटीवर चढली! दिवा मालवला हिनं!" पार्वती किनाऱ्यावरून ओरडत सुटली.

वाडा जमला. गुणाजी भातानं माखलेल्या हातानं धावत आला. तिला दंडाला धरून खाली उतरवलं. मग स्वतः तार घेतली, इंजिनाच्या अंगाला परत आवळली आणि दिवा लागला तेव्हा त्याला नमस्कार केला.

"अवो, एकदा ऐका," मालन खालून म्हणाली. "माझं नको, त्या फिटरनं तुमाला सांगितलं ते तरी आठवा."

"घरी जा."

पुढच्या भरतीला बोट निघाली. मालन घरून इंजिनाबरोबर आलेलं लोखंडी हँडल घेऊन आली. ते वर्षभर दारामागं उभं होतं. अनंताच्या हातात दिलं. "निदान हे तरी ने."

"ने म्हणतेस तं नेतो. जेवनाला चिंबोऱ्यांच्या नांग्या फोडू याच्यानं," तो हसत म्हणाला आणि हँडल घेतलं. गुणाजीनं ते त्याच्या हातातून काढून वाळूवर टाकलं. "सेल्फची बोट आन हँडल? मढवाल्यांनी हसायचं?"

हँडल वाळूत पडलं. ती ते उचलायला वाकली तोवर आम्ही पाण्यात होतो.

परतताना उन्हं कलायला लागली होती. मढच्या बाजूचे खडक जवळ आले असताना एक दोर बोटीखालच्या पंख्यात गुंतला. इंजिन बंद करणं भाग होतं, नाहीतर पंखा तुटला असता. अनंतानं बंद केलं. एक खलाशी पाण्यात उतरला, दोर कापून वर आला. वारा आणि भरती, दोन्ही आम्हाला खडकाकडं नेत होती.

अनंतानं बटण दाबलं. मी जाड तारेचं दार उघडलं. यंत्रानं इंजिनाला अर्धा हिसका दिला आणि थांबलं. परत दाबलं. नुसती माझी टक्. परत. टक्.

"दिवा हाय ना," अनंता म्हणाला. "दिवा हाय, मंग उठत का नाय?"

बॅटरीत दिवा जाळण्यापुरतं उरलेलं असतं. इंजिन उठवण्यापुरतं नसतं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही.

शीड उभारलं, उशीर झाला होता. पहिला खडक लागला तेव्हा अनंता बांबू घेऊन काठावर चढला, बोट मागं रेटायला. लाटेनं बोट उचलली आणि परत खाली घातली. तो बोट आणि खडक यांच्या मधे होता. मी ते बघितलं नाही, मला डोळे नाहीत. आवाज ऐकला. मग गुणाजीचा आवाज ऐकला. बोटीची एक फळी गेली, बाकी ती वाचली. दुसऱ्या एका बोटीनं आम्हाला ओढून आणलं. वाटेत दिवा जळत होता.

जयाच्या बांगड्या वाढवल्या.

एक मागणं आहे. एकच, तेही रडून नाही. तुमच्याकडं कुठं असा दिवा असेल, गाडीला, पंपाला, बोटीला, तर तो जाऊ द्या. काय शब्द वापरायचा तो वापरा. विझला म्हणा, वाढला म्हणा, शांत झाला म्हणा. पण जाऊ द्या.

आता राहिलं ते सांगून गप्प होते.

जमात बसली. पाटील मधे, पंच बाजूला, मागं बायका. मला बोटीतून सोडवून पाटलासमोर पोत्यावर ठेवलं होतं. कुर्ल्याहून श्यामसुंदरला बोलावलं. त्यानं माझं झाकण काढलं, बघितलं, आणि हिरवा भुगा बोटावर घेतला.

"बारीक तार मिठानं खाल्लीय," तो म्हणाला. "पण ते दिव्यानं आधीच सांगितलं असतं. दिव्याची तार मी या पेटीला लावली होती. ती इंजिनावर कशी गेली?"

पाटलानं सगळ्यांकडं बघितलं. "तारेला हात कुणी लावला?"

चंद्रप्रकाशला कुणी बोलावलंच नव्हतं. तो वेसाव्याचा नव्हे. पार्वती जमिनीकडं बघत होती. दिव्याला कुंकू लावणारं तिचं बोट पदरात होतं. जया भिंतीला टेकून, तिचे हात मांडीवर तसेच पडलेले. खलाशांना सगळं माहीत होतं. त्यांना गुणाजीच्याच बोटीवर परत जायचं होतं.

"मी लावला," मालन उभी राहून म्हणाली. "लावला नि सांगते का लावला ते. मना तार पेटीला लावायची हुती. त्याआधी कुणी काढली नि नंतर कुणी बांधली, ते यांना विचारा. अवो, सांगा. खरं काय ते सांगा."

"बाईनं बसावं," पाटील म्हणाला. "बाईचं झालं. गुणाजी, बोट तुझी, मेला तो तुझा भाऊ. तू बोल. कुणाच्या हातानं झालं?"

गुणाजी उभा राहिला. त्याच्या मनगटावर तार आवळताना झालेला ओरखडा अजून होता. मला तो समोर दिसावा इतक्या जवळ. मघाशी म्हटलं, मला डोळे नाहीत. तरी तो ओरखडा मला माहीत आहे, माझ्याच पत्र्यानं काढलेला.

त्यानं जयाकडं बघितलं. मग आईकडं. मग बायकोकडं.

त्यांच्यात नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. लग्न झाल्यापासून तो अगो म्हणायचा, इकडं ये म्हणायचा, पोरांची आयस म्हणायचा. घरातल्या खुंटीवर मी सगळा पावसाळा काढला, एकदाही त्याच्या तोंडून ते नाव ऐकलं नाही. तीही वाट बघत नसावी. ती त्याच्या तोंडाकडं बघत उभी होती, बसली नव्हती.

"बोल, गुणाजी," पाटील म्हणाला.

तो बोलला. पहिल्यांदाच नाव घेतलं, स्पष्ट, सगळ्या जमातीला ऐकू जाईल असं.

"मालन."